जीबीएस झालाय, आयव्हीआयजी परवडत नाही, मग प्लाझ्मा एक्सचेंज म्हणजे दुय्यम उपचार का?

तुमचा प्रश्न वाचला, इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात परत मांडते. तुमचा मेव्हणा, वय ३८, वजन ७० किलो, नाशिकला ॲडमिट. दोन आठवड्यांपूर्वी जुलाब झाले, ते थांबले, मग तळपायाला मुंग्या, मग जिना चढवेना, आणि आज पाचव्या दिवशी आधाराशिवाय उभं राहता येत नाही, हाताची पकडही ढिली पडलीय. डॉक्टरांनी जीबीएस म्हणजे गुलेन बारी सिंड्रोम, हा नसांचा आजार, सांगितलाय. आयव्हीआयजीचे, म्हणजे दात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडींच्या शिरेतून द्यायच्या इंजेक्शनचे, नुसत्या औषधाचे साडेचार लाख, प्लाझ्मा एक्सचेंजच्या, म्हणजे रक्तातला पातळ भाग काढून बदलण्याच्या, पाच सेशनचे सगळे धरून पावणेदोन लाख, आणि सकाळपर्यंत काय ते सांगा असं म्हणालेत. त्यात तुमचे चुलत सासरे म्हणतात हे रक्त धुणं म्हणजे डायलिसिसच, एकदा लागलं की सुटत नाही. आणि आणखी कुणीतरी सुचवलंय की आधी स्वस्तातलं करून बघा, नाहीच जमलं तर महागडं इंजेक्शन आहेच.

तुम्ही विचारलंय दोन्हीतलं चांगलं कुठलं. पण मला वाटतं तुम्हाला खरं छळतंय ते वेगळंच, की पैशापायी आपण बायकोच्या भावाला कमी दर्जाचा उपचार देतोय का, आणि उद्या काही वाईट झालं तर घरात तोंड कसं दाखवायचं. त्याचं उत्तर आधीच देऊन टाकते. नाही, देत नाही आहात. जीबीएसमध्ये हे दोन्ही उपचार तोडीस तोड आहेत आणि हे मोठ्या ट्रायलमध्ये तपासलेलं आहे, खाली सांगते. फक्त एक आहे, आयव्हीआयजी हे औषध आहे, बाटली लावली की जातं, प्लाझ्मा एक्सचेंज ही प्रोसिजर आहे, ती करणाऱ्या हातांवर बरंच काही अवलंबून असतं. म्हणून "चांगलं कुठलं" यापेक्षा "या हॉस्पिटलमध्ये, या पेशंटला, नीट कुठलं होईल" असं विचारायला हवं, आणि ते मी लांबून ठरवू शकत नाही, पण कसं ठरवायचं ते सांगू शकते. मी रक्तसंक्रमण विभागात डॉक्टर आहे, आमच्या युनिटचं अफेरेसिस मशिन, म्हणजे रक्ताचे घटक वेगळे करणारं मशिन, बरीच वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे प्लाझ्मा एक्सचेंजकडे माझा थोडा ओढा असणार हे धरूनच वाचा.

त्याआधी पैशाच्या चर्चेत मागे पडू नये अशी गोष्ट म्हणजे श्वास. जीबीएसमध्ये साधारण चारात एका पेशंटला व्हेंटिलेटर लागतो, आणि पाचव्या दिवशी हात पण धरले गेलेत म्हणजे आजार अजून वर चढतोय. पल्स ऑक्सिमीटरवर ९८ दिसतंय म्हणून निवांत राहू नका, या आजारात ऑक्सिजन अगदी शेवटी उतरतो, त्याच्या कितीतरी आधी छातीचे स्नायू थकलेले असतात. त्याला पूर्ण श्वास घ्यायला सांगा आणि एका दमात, नेहमीच्या वेगाने, एक दोन तीन असं मोठ्याने मोजायला सांगा. धडधाकट माणूस चाळीसच्या आसपास आरामात जातो. वीसच्या खाली आला, किंवा सकाळी तीस होते आणि रात्री बावीसवर आलाय, तर तेव्हाच्या तेव्हा ड्युटी डॉक्टरला सांगा, सकाळच्या राउंडची वाट बघू नका. तसंच गिळताना ठसका लागणं, आवाज नाकातून येणं, मान उशीवरून उचलता न येणं, हे दिसलं तर पेशंट आयसीयूमध्ये असायला हवा, मग उपचार कुठलाही निवडा.

आता आजार काय आहे ते. जुलाब करणाऱ्या जंतूविरुद्ध, बऱ्याचदा तो कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा बॅक्टेरिया असतो, शरीराने अँटीबॉडी बनवल्या. या जंतूच्या आवरणावरचे काही घटक आपल्या नसांवरच्या घटकांसारखेच दिसतात, म्हणून त्या अँटीबॉडी जंतू संपल्यावर नसांवर उलटतात. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जे झालं ते हेच, तिथेही काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर सापडला होता आणि दोनशेहून जास्त संशयित रुग्ण नोंदले गेले होते. एरवी हा आजार वर्षाला लाखात एकदोघांना होतो, त्यामुळे "आमच्या ओळखीत कुणाला झालाच नाही" असं सगळेच म्हणतात.

या अँटीबॉडी असतात प्लाझ्मात, म्हणजे रक्तातला तो पिवळसर पातळ भाग. तर आम्ही काय करतो, पेशंटचं रक्त नळीतून मशिनमध्ये घेतो, पेशी वेगळ्या काढून त्या परत देतो, प्लाझ्मा पिशवीत टाकून देतो आणि त्याच्या जागी तितकाच दुसरा द्रव, बहुतेक वेळा अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रोटीनचं सोल्युशन, भरत जातो. इथेच चुलत सासऱ्यांचा मुद्दा घेते. डायलिसिसमध्ये किडनी काम करत नाही म्हणून युरियासारखे छोटे कण आणि जादा पाणी काढतात, किडनी सुधारली नाही तर ते करत राहावंच लागतं. इथे किडनी ठणठणीत आहे, काढायच्यात त्या अँटीबॉडी, आणि जीबीएसमध्ये शरीर त्या कायम बनवत बसत नाही, तो एका झटक्याचा आजार आहे. चार-पाच सेशन झाली की विषय संपला. गैरसमज का होतो तेही मला ठाऊक आहे, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी हे काम डायलिसिस रूममध्ये, डायलिसिसच्याच टेक्निशियनकडून, तसंच दिसणारं मशिन आणि तसाच कॅथेटर, म्हणजे मोठ्या शिरेत टाकायची नळी, वापरून होतं, दारावर पाटीही डायलिसिसची असते. नातेवाईकांनी दुसरं काय समजावं!

आता पुराव्याचं. प्लाझ्मा एक्सचेंज हा जीबीएसमध्ये उपयोगी ठरलेला पहिला उपचार. १९८५ मध्ये नॉर्थ अमेरिकेतल्या २४५ रुग्णांच्या ट्रायलमध्ये दिसलं की ज्यांचा प्लाझ्मा बदलला ते लवकर सुधारले आणि व्हेंटिलेटरवरून लवकर निघाले. मग १९८७ मध्ये फ्रेंच गटानेही तेच दाखवलं. आयव्हीआयजी नंतर आलं, १९९२ मध्ये नेदरलँड्समधल्या दीडशे रुग्णांच्या अभ्यासात, आणि तिथे त्याची तुलना कुणाशी केली? प्लाझ्मा एक्सचेंजशीच. म्हणजे ज्याला तुम्ही दुय्यम समजताय ती मुळात मोजपट्टी होती आणि महागडं इंजेक्शन तिच्यावर मोजलं गेलं. १९९७ मध्ये ३८३ रुग्णांची मोठी आंतरराष्ट्रीय ट्रायल झाली, एका गटाला प्लाझ्मा एक्सचेंज, दुसऱ्याला आयव्हीआयजी, तिसऱ्याला आधी प्लाझ्मा एक्सचेंज आणि लगेच मागून आयव्हीआयजी. तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. मग जगभर आयव्हीआयजीच का जास्त देतात? कारण ते सोपं आहे, मशिन नको, कॅथेटर नको, रात्री दोन वाजता सुद्धा नर्स सुरू करू शकते. सोय हे खरं कारण आहे आणि ते लहान कारण नाही, पण सोय म्हणजे जास्त गुण असं नव्हे. आणि हो, कुणी स्टेरॉइड सुचवलं तर जीबीएसमध्ये त्याचा फायदा दिसलेला नाही, गोळ्यांनी तर सुधारणा उलट लांबू शकते.

त्याच १९९७ साली फ्रेंच गटाने किती सेशन लागतात हेही तपासलं. चालू शकणाऱ्या सौम्य रुग्णाला दोन सेशन, उभं राहता न येणाऱ्याला चार, आणि व्हेंटिलेटरवरच्यांना सहा दिली तरी चारपेक्षा जास्त फायदा नाही. त्यामुळे तुमच्या मेव्हण्याला चार ते पाच सांगितली असतील तर ते बरोबरच आहे. पण कुणी "सुधारणा दिसत नाही, अजून पाच करू" म्हणालं तर कशासाठी ते नक्की विचारा.

एका सेशनमध्ये किती बदलायचं याचा हिशोब असतो. वजन गुणिले ०.०६५ गुणिले रक्तातला पेशी सोडून उरलेला भाग. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, ४२ टक्के धरला तर ७० किलोला साधारण २.६ लिटर प्लाझ्मा येतो. तेवढा एक व्हॉल्यूम बदलला तर सगळं निघून जातं का? नाही. गच्चीवरच्या टाकीचा खालचा नळ उघडा ठेवून वरून स्वच्छ पाणी सोडलं तर बाहेर जाणाऱ्या पाण्यात नवं पाणीही जात राहतं ना, तसंच. एका व्हॉल्यूमला रक्तातल्या साधारण ६३ टक्के अँटीबॉडी जातात, दीडपट केला तर ७८ टक्क्यांच्या आसपास, आणि पुढे मेहनत वाढते पण पदरात कमी पडतं. शिवाय आयजीजी प्रकारच्या अँटीबॉडीतला निम्म्याहून जास्त भाग रक्ताबाहेर, पेशींमधल्या जागेत असतो, तो हळूहळू रक्तात परत येतो. म्हणून आम्ही दिवसाआड करतो, मधल्या दिवशी बाहेरचा माल आत येऊ देतो आणि मग परत काढतो. नातेवाईक म्हणतात रोज करा, लवकर संपवा, पण या आजारात तशी घाई करून फार काही मिळत नाही आणि रक्त गोठवणारे घटक मात्र भरून यायला वेळ मिळत नाही.

काढलेल्या प्लाझ्माच्या जागी काय भरणार हा प्रश्न हॉस्पिटलला अवश्य विचारा. जीबीएसला अल्ब्युमिन पुरतं. १९८७ च्या फ्रेंच ट्रायलमध्ये अल्ब्युमिन आणि दात्यांचा फ्रेश फ्रोझन प्लाझ्मा, ज्याला सगळे एफएफपी म्हणतात, दोन्ही वापरून बघितले, परिणाम सारखा आणि एफएफपीमध्ये त्रास जास्त. तरी काही ठिकाणी एफएफपी वापरतात कारण तो स्वस्त पडतो. तुम्हाला कुणी "वीस डोनर आणा" असं सांगितलं असेल तर आधी विचारा की एफएफपी कशासाठी लागतोय. काही आजारांत तो लागतोच, उदाहरणार्थ टीटीपी म्हणून रक्ताचा एक आजार आहे, त्यात दात्याच्या प्लाझ्मातलं एन्झाइम हेच औषध असतं. जीबीएसमध्ये तसं नाही. पित्त उठणं, थंडी वाजणं, क्वचित फुफ्फुसाला त्रास हे एफएफपीचे धोके आहेत, आणि ज्याचा श्वास आधीच अडचणीत आहे त्याला हे परवडत नाही. फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रोटीन फार खाली गेलं असेल किंवा कॅथेटर टाकायचा-काढायचा असेल, ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे गळ्यातून श्वासनळीत नळी टाकायला छेद, करायची असेल, तर शेवटी थोडा एफएफपी देतो, ते समजण्यासारखं आहे.

अल्ब्युमिनची बाटली आपल्याकडे २० टक्क्याची, १०० मिलीची मिळते, ती नॉर्मल सलाईनमध्ये चौपट करून ५ टक्क्याची करतात. २.६ लिटरला साडेसहा म्हणजे सातेक बाटल्या, आणि काही युनिटमध्ये सुरुवातीचा थोडा भाग नुसत्या सलाईनने भरतात, मग पाचेकमध्ये भागतं. बिलात याच्या दुप्पट बाटल्या दिसल्या तर विचारायचा तुम्हाला हक्क आहे. एक सांगते, पातळ करायला सलाईनच हवं, डिस्टिल्ड वॉटर नाही. साध्या पाण्यात केलेलं अल्ब्युमिन एवढ्या प्रमाणात दिलं तर लाल पेशी फुटतात, यात जगात माणसं दगावलेली आहेत. चांगल्या युनिटमध्ये हे भिंतीवर लिहिलेलं असतं.

मशिनचे दोन प्रकार. एक सेंट्रिफ्यूजचं, जे रक्तपेढ्यांकडे असतं, फिरवून पेशी आणि प्लाझ्मा वेगळे करतं. दुसरं फिल्टरचं, जे नेफ्रॉलॉजीवाले डायलिसिस किंवा सीआरआरटी (आयसीयूतलं सावकाश चालणारं डायलिसिस) मशिनवर लावतात. पहिल्यात मशिनमधून जाणाऱ्या प्लाझ्मातला ८० टक्क्यांच्या आसपास निघतो, दुसऱ्यात ३० टक्क्यांच्या आसपास, म्हणून फिल्टरवाल्याला तेवढ्याच कामासाठी कितीतरी जास्त रक्त फिरवावं लागतं आणि त्यासाठी मानेतला किंवा जांघेतला जाड कॅथेटर लागतोच. सेंट्रिफ्यूजवर कधीकधी दोन्ही हातांच्या चांगल्या शिरांवर भागतं. कधीकधीच, कारण शिर नीट वाहायला पेशंटने मूठ आवळत राहावं लागतं आणि आमच्या जीबीएसवाल्यांच्या हातात बॉल दाबायचीच ताकद नसते. पण कॅथेटर लागणार म्हटलं की घाबरू नका, आणि फिल्टरवर केलं म्हणजे वाईट असंही नाही, दोन्ही चालतात, करणाऱ्याचा हात बसलेला हवा. मी तर म्हणेन की महिन्यातून चारदा फिल्टरवर करणारं युनिट हे वर्षातून एकदा सेंट्रिफ्यूज उघडणाऱ्या युनिटपेक्षा बरं.

सेशन चालू असताना काय होऊ शकतं? सेंट्रिफ्यूजमध्ये रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घालतात, ते शरीरातलं कॅल्शियम तात्पुरतं धरून ठेवतं, मग ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. आता गंमत बघा, जीबीएसच्या पेशंटच्या हातापायाला आधीच मुंग्या असतात, त्यामुळे त्याला वाटतं हे आजाराचंच आहे आणि तो काही बोलतच नाही. म्हणून आम्ही आधीच सांगून ठेवतो, ओठाला किंवा जिभेला नवीन काहीतरी वाटलं की लगेच बोल, आणि व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला तर बोलताच येत नाही, तिथे कॅल्शियम आधीपासून चालू ठेवतो आणि मॉनिटरवर नजर ठेवतो. फिल्टरवाल्या पद्धतीत बहुधा हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, असतं, तिथे मुंग्यांऐवजी रक्तस्रावाकडे बघावं लागतं.

पण मला खरी काळजी असते ब्लड प्रेशरची. जीबीएस फक्त हातपायाच्या नसा धरत नाही, हृदय आणि रक्तवाहिन्या सांभाळणाऱ्या स्वायत्त नसाही धरतो. अशा माणसाचं बीपी सकाळी १८०, दुपारी ८० असं झोके घेतं, पल्स उगाच १३० होते आणि घशातून कफ काढताना एकदम ४० वर येते. आता याच्याच शरीरातून आपण काही रक्त मशिनमध्ये बाहेर काढणार, म्हणजे जे बीपी निरोगी शरीर सहज सांभाळून घेईल ते इथे कोसळू शकतं. म्हणून बीपी असं झोके घेत असेल तर मी स्वतः पुढे होऊन न्यूरॉलॉजिस्टला सांगते की याला आयव्हीआयजी द्या. माझं मशिन रिकामं राहिलं तरी चालेल.

लहान मूल असेल, ज्याला एवढा कॅथेटर टाकणंच जोखमीचं, तिथेही मी आयव्हीआयजीच म्हणते. आधीच रक्तात इन्फेक्शन असेल तिथेही तेच, आणि जिथे प्लाझ्मा एक्सचेंजची टीम दुसऱ्या गावाहून दोन दिवसांनी येणार तिथे तर नक्कीच, कारण हे दोन दिवस महत्त्वाचे असतात. उलट किडनी आधीच खराब असेल, हार्ट फेल्युअर असेल, पूर्वी रक्तवाहिनीत गुठळी झालेली असेल, तर एवढं प्रोटीन आत सोडण्यापेक्षा प्लाझ्मा एक्सचेंज बरं पडू शकतं. तुमच्या मेव्हण्याबद्दल तुम्ही यातलं काहीच लिहिलेलं नाही, म्हणून नाही असंच धरते, पण बीपीचा चार्ट पलंगाला अडकवलेला असतो, एकदा बघाच. आणि तो बीपीची गोळी घेत असेल तर नाव नक्की सांगा, एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गटातल्या गोळ्या सेशनच्या निदान एक दिवस आधी बंद कराव्या लागतात, नाहीतर अल्ब्युमिन चालू असताना बीपी एकदम पडू शकतं. तसंच त्याची रोजची औषधं, पायात गुठळी होऊ नये म्हणून देतात ते इंजेक्शन, अँटिबायोटिक, हे सेशन संपल्यावर द्यायचं, नाहीतर त्यातलं काही प्लाझ्माबरोबर पिशवीत जातं.

"आधी स्वस्तातलं, मग महागडं" हा सल्ला मात्र सोडून द्या. एकापाठोपाठ दोन्ही दिल्याने जास्त फायदा नाही हे त्याच १९९७ च्या ट्रायलमध्ये दिसलं, वरून खर्च मात्र बेरजेत. आणि उलट क्रम तर आणखी वाईट, आयव्हीआयजी देऊन दोन दिवसांत प्लाझ्मा एक्सचेंज केलं तर ती लाखांची अँटीबॉडी मीच पिशवीत भरून टाकून देते. आयव्हीआयजीचा एक कोर्स झाल्यावर सुधारणा नाही म्हणून दुसरा द्यायचा असंही बऱ्याच ठिकाणी चालतं, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच ट्रायलमध्ये त्याचाही फायदा दिसला नाही, गुठळ्यांसारखे त्रास मात्र वाढले. तर एक निवडा, पूर्ण करा, आणि मग थांबायची तयारी ठेवा.

हे थांबणंच सगळ्यात अवघड, आणि त्याबद्दल आधी कुणी बोलत नाही. प्लाझ्मा एक्सचेंज नसा दुरुस्त करत नाही, ते हल्ला थांबवतं. जे नुकसान झालंय ते शरीराला भरून काढायचंय. नसेचं फक्त आवरण गेलं असेल तर काही आठवड्यांत ते परत येतं, पण आतला धागाच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, कमरेपासून तळपायापर्यंतचं अंतर तुम्हीच मोजा. त्यामुळे दुसऱ्या सेशननंतर पाय हलला नाही म्हणून उपचार फुकट गेला असं समजू नका. मी तर घरच्यांना सांगते की पहिल्या दोन सेशनमध्ये तो आणखी खालावू शकतो, व्हेंटिलेटरवरही जाऊ शकतो, कारण आजार आपल्या वेगाने दोन ते चार आठवडे वर चढतच असतो. आणि काहींमध्ये सुधारणा सुरू होऊन परत थोडी घसरण होते, दहातल्या एखाद्याला, पहिल्या दोन महिन्यांत, तेव्हा मात्र परत उपचार देतात, म्हणून डिस्चार्जनंतर ताकद कमी होतेय असं वाटलं तर तारीख लिहून ठेवा आणि दाखवा. बहुतेक जण चालायला लागतात. पाचातला एक सहा महिन्यांनीही आधाराशिवाय चालत नाही, आणि चांगल्या आयसीयूतही काही टक्के रुग्ण दगावतात, हेही सांगायला हवं, लपवून उपयोग नाही.

पैशाचं. हॉस्पिटलमध्ये महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे का बघा, असेल तर आरोग्यमित्राचं काउंटर असतं, तिथे रेशन कार्ड आणि आधार घेऊन आजच जा, ॲडमिशन झाल्यावर जितक्या लवकर जाल तितकं बरं. धर्मादाय ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, त्यासाठी समाजसेवा अधीक्षकांना भेटायचं असतं, बिलिंग काउंटरवर विचारून काही होत नाही. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज समांतर करा. मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये हलवायचं असेल तर आधी फोन करून विचारा की मशिन चालू आहे का, किट शिल्लक आहे का आणि आयसीयूत बेड आहे का, हे तिन्ही एकाच दिवशी "हो" असणं हा योगच असतो. आणि हलवायचंच ठरलं तर श्वास चांगला आहे तोवर हलवा, अँब्युलन्समध्ये श्वासाची नळी टाकायची वेळ येऊ देऊ नका.

बांगलादेशातल्या डॉक्टरांनी मशिनशिवाय, साध्या रक्ताच्या पिशवीत पेशी खाली बसू देऊन वरचा प्लाझ्मा टाकून द्यायचा आणि हे रोज थोडं थोडं आठवडाभर करायचं, अशी फार कमी खर्चाची पद्धत २०१८ मध्ये वीस रुग्णांवर करून दाखवली, ती बऱ्यापैकी सुरक्षित ठरली. कल्पना मला आवडते आणि आपल्याकडे हिच्यावर जास्त काम व्हायला हवं असं वाटतं, पण ती मशिनइतकीच गुणकारी आहे हे अजून ठरलेलं नाही, त्यामुळे तुमच्याकडे मशिन असताना त्या वाटेने जाऊ नका.

आता सकाळी डॉक्टरांशी बोलाल तेव्हा एवढं विचारा: प्लाझ्मा एक्सचेंज कोण करणार आणि ते किती वेळा करतात, पहिलं सेशन नक्की किती वाजता लागेल, अल्ब्युमिन वापरणार की एफएफपी, सेशन आयसीयूत त्याच्या बेडवर होणार की त्याला खाली डायलिसिस रूममध्ये नेणार, आणि बीपी पडलं तर तिथे भूलतज्ज्ञ किंवा इंटेन्सिव्हिस्ट (आयसीयूचा तज्ज्ञ डॉक्टर) हाताशी आहे का. उत्तरं पटापट आणि ठाम आली तर पावणेदोन लाखांचा उपचार बिनधास्त घ्या. "बघू, टीमला विचारतो, बहुतेक परवा" असं आलं, तर माझ्या मते दागिने मोडून का होईना आयव्हीआयजी आज सुरू करा किंवा पेशंट हलवा. आणि कुठलाही उपचार सुरू व्हायच्या आधी, तपासणीसाठी लागणारे रक्ताचे नमुने, हिपॅटायटिस, एचआयव्ही आणि न्यूरॉलॉजिस्टला हव्या असतील त्या अँटीबॉडी टेस्ट, काढून ठेवायला सांगा, नंतर काढले तर प्लाझ्मा एक्सचेंजनंतर असलेलं दिसत नाही आणि आयव्हीआयजीनंतर नसलेलं दिसतं.

रात्री त्याच्याकडून एका दमात आकडे मोजून घेणं कुणाकडे आहे ते आत्ताच ठरवा, दर चार तासांनी, आणि आकडा वेळेसकट कागदावर.